पुराआधीची बेगमी

प्रश्न : आमचं घर सांगलीत कृष्णाकाठी आहे. २०१९च्या महापुरात वरच्या मजल्यावर अडकलो होतो. पावसाळ्यापूर्वी काय भरून ठेवावं? अदलाबदलीसाठी जादा साठा करावा का?

उत्तर : आधी पाणी. माणशी रोज चार लिटर धरून आठवडाभराचं झाकणबंद कॅनमध्ये वर ठेवा. चुलीविना खाता येतील असे चुरमुरे, फुटाणे, शेंगदाणे, गूळ घ्या. नेहमीची औषधं, टॉर्च, सेल, काडेपेटी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. वीज गेली की एटीएम बंद, म्हणून सुट्टे पैसे हवेत. अदलाबदलीसाठी वेगळा साठा नको. मीठ, साखर, चहापूड, मेणबत्त्या थोड्या जास्त असल्या, की शेजाऱ्यांशी देवाणघेवाण भागते. पेट्रोल घरात साठवू नका. आणि स्थलांतराची सूचना आली, तर साठ्याच्या भरवशावर थांबू नका; लगेच निघा.