गिरणीच्या जागी मनोरे

आपल्याकडे घर वाडीत, बाजार तिठ्यावर आणि कचेरी तालुक्याला असते. मुंबईत मात्र घरे, दुकाने, कचेऱ्या, सिनेमा आणि हॉटेल एकाच आवारात असतात. अशा जागेला संकुल म्हणतात. मे महिन्याच्या सुट्टीत मी आजोबांबरोबर परळला गेलो होतो. तिथली माहिती मी देत आहे.

पूर्वी काय होते?
लालबाग, परळ, भायखळा, वरळी या भागाला गिरणगाव म्हणत. मुंबईची पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी ताडदेवला काढली. ती १८५६ साली सुरू झाली. पुढे खूप गिरण्या झाल्या. कोकणातून व घाटावरून माणसे कामाला आली. भोंगा झाला की कामगार पाळीवर जात. आमचे आजोबा साचे खात्यात होते. एका खोलीत गावचे बाराजण राहात. खाणावळीत जेवत.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. पगारवाढ व बोनस हव्या होत्या. सुमारे अडीच लाख कामगार संपात होते. संप मिटलाच नाही. पुष्कळ गिरण्या बंद पडल्या. आजोबा ट्रंक घेऊन गावी आले, ते इथेच राहिले.

आता काय आहे?
कापडापेक्षा गिरणीची जमीन महाग झाली. लोअर परळला १९०५ सालची फिनिक्स मिल होती. तिथे आता मोठे बाजार-संकुल आहे. दुकाने, सिनेमा, कचेऱ्या व उंच हॉटेल आहे. जुने धुराडे मात्र ठेवले आहे. जवळच श्रीनिवास मिलच्या जागेवर ‘वर्ल्ड वन’ हा राहण्याचा मनोरा आहे. त्याची उंची सुमारे २८० मीटर आहे. आपला माड २० मीटरचा धरला, तर १४ माड एकावर एक उभे करावे लागतील! मी मजले मोजायला लागलो. आजोबा म्हणाले, “मान दुखेल रे बाळा.”

मनोरा कसा चालतो?
जमिनीत खोल पाया घालतात. वर लोखंड व काँक्रीट. पाणी पंपाने वर चढवतात. लिफ्ट नसेल तर वरच्या मजल्यावर कोणी राहू शकणार नाही. आग लागली तर थांबायला मधेमधे मोकळी जागा ठेवावी लागते.

जमिनीचे वाटे
१९९१ साली नियम झाला, की गिरणीच्या जमिनीचे साधारण तीन वाटे करावेत. एक बागा-मैदानांना, एक स्वस्त घरांना, एक मालकाला. २००१ साली नियम बदलला. फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीचे वाटे करायचे ठरले. त्यामुळे बागा व घरे यांची जागा कमी झाली. काही कामगारांना सोडतीत घरे मिळाली. आमच्या आजोबांनी अर्ज भरला आहे. अजून नंबर लागला नाही.

आजोबांना रस्ते ओळखू येईनात. फिनिक्सचे धुराडे दिसले तेव्हा त्यांना दिशा कळली. मग ते भराभर चालू लागले. त्यांच्या गिरणीच्या जागी काचेची इमारत होती. ते म्हणाले, “माझा साचा इथंच कुठंतरी होता.” आणि थोडा वेळ तिथेच उभे राहिले.

सांगा पाहू
१. संकुल म्हणजे काय?
२. गिरणीच्या जमिनीचे वाटे तुम्ही कसे केले असते?
३. तुमच्या घरातले कोणी गिरणीत होते का? घरी विचारून या.

— इयत्ता ४ थी