एका दाढेचा खर्च

दाढ ठणकल्याशिवाय दवाखान्याची पायरी चढायची नाही, ही आपल्याकडची रीत सगळ्यात महाग पडते. कीड दाताच्या वरच्या टणक थरात असते तोवर काहीच जाणवत नाही. ठणका लागतो तो ती आतल्या नसेपाशी पोचल्यावर, आणि तेव्हा स्वस्तातल्या उपायाची वेळ बहुधा निघून गेलेली असते.

पुण्या-मुंबईतल्या साध्या खासगी दवाखान्यांचे ढोबळ दर पाहा; भाग, डॉक्टर आणि साहित्य यांप्रमाणे ते कमीजास्त होतात. लहान कीड काढून सिमेंट भरायला ८०० ते २,००० रुपये. तीच नसेपर्यंत गेली की रूट कॅनलचे ४,००० ते ८,००० आणि कॅपचे वेगळे: धातू-सिरॅमिकची ३,००० ते ६,०००, झिरकोनियाची ८,००० ते १५,०००. दाढ काढावीच लागली आणि तिथे इम्प्लांट बसवला तर २५,००० ते ५०,०००. म्हणून दर विचारताना ‘कॅप धरून की सोडून?’ आणि ‘एक्स-रे यात आला का?’ हे आधी विचारा. आकडा कागदावर लिहून घ्या. झिरकोनियाच्या कॅपचं वॉरंटी कार्ड मागून घ्या. आरोग्य विम्यात हा खर्च सहसा बसत नाही.

आईवडिलांची सर्वांत मोठी चूक सहाव्या वर्षाच्या दाढेबाबत होते. शेवटच्या दुधाच्या दाढेमागे, कुठलाही दात न पडता ती गुपचूप उगवते. घरच्यांना वाटतं, दुधाचीच आहे, पडेल. ती कायमची असते! तिच्या खोल खाचांत बिस्किटाचा लगदा अडकतो आणि आठव्या-नवव्या वर्षी मूल रूट कॅनलच्या खुर्चीत बसतं. दाढ पूर्ण वर आली की या खाचा सीलंटने बुजवून घ्या. दर दाढेला साधारण ५०० ते १,००० रुपये लागतात, दुखत नाही, आणि माझ्या मते मुलाच्या दातांवरचा याहून चांगला खर्च नाही.

रोजचा खर्च तर फारच थोडा. ब्रश आणि पेस्ट माणशी महिन्याला ५०-६० रुपयांत भागते. वेष्टनावर फ्लोराइड सुमारे १००० पीपीएम लिहिलंय का, तेवढं बघा. बऱ्याच दंतमंजनांत ते नसतंच. जाहिरातीसारखी ब्रशभर पेस्ट नको. मुलाला मटाराच्या दाण्याएवढी, तीन वर्षांखालच्याला तांदळाच्या दाण्याएवढी पुरते. रात्री झोपताना घासणं चुकवू नका, आणि घासल्यावर पेस्ट फक्त थुंका, खळखळून चूळ भरू नका. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडच्या काही गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे. तिथल्यांनी मुलांच्या पेस्टबद्दल डॉक्टरांना विचारावं. मशेरी मात्र कुणीच लावू नये. ती भाजलेली तंबाखूच आहे. हिरड्या बिघडवते आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढवते.

हिरड्यांतून रक्त येत असेल तर दात साफ करून घ्या, ८०० ते २,००० रुपये. साफ केल्याने दात हलतात ही समजूत चुकीची आहे. दात आधीच सैल झालेले असतात, दगडासारख्या कीटणाने ते झाकलेलं असतं. मधुमेह असलेल्यांनी तर हे टाळूच नये: हिरड्यांची सूज असेल तर साखर आटोक्यात राहत नाही, आणि साखर वाढली की हिरड्या आणखी बिघडतात. हृदयाची कृत्रिम झडप बसवलेल्यांनी दात काढण्याआधी ते सांगितलंच पाहिजे, कारण तोंडातले जंतू रक्तातून झडपेवर बसू शकतात. रक्त पातळ करणारी गोळी मनाने बंद करू नका.

एवढे पैसे नसतील तर मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय, सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय, तसंच नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय महाविद्यालयं आहेत. खर्च खासगीच्या मानाने खूपच कमी, पण खेपा जास्त. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा, जुने एक्स-रे आणि चालू गोळ्यांची यादी सोबत ठेवा. मात्र गालावर सूज, ताप आणि तोंड उघडेना किंवा गिळवेना अशी स्थिती असेल, तर रांगेची वाट न पाहता थेट मोठ्या रुग्णालयाचा अपघात विभाग गाठा, मग रात्रीचे दोन का वाजले असेनात.