पावट्यातील विकररोधक आणि डॉ. कमला सोहोनी

वाल किंवा पावटा भिजवून, मोड आणून, चांगला शिजवूनच खावा, हे आपल्या घरातील बायका पूर्वापार जाणतात. कारण असे की, कच्च्या कडधान्यात प्रथिने पचविणाऱ्या ट्रिप्सिन या विकराला अडविणारा घटक असतो. ओल्या उष्णतेने तो बराचसा निष्प्रभ होतो. सोयाबीनमध्येही तो भरपूर असतो, म्हणून घरच्या कोंबडीखाद्यात कच्चे सोयाबीन भरडून घालू नये. पिलांची वाढ खुंटते.

पावट्यातील हा घटक स्फटिकरूपात वेगळा केल्याचे संशोधन १९५५ साली प्रसिद्ध झाले. ते मुंबईच्या विज्ञान संस्थेतील डॉ. कमला सोहोनी व त्यांच्या सहकाऱ्याचे. या बाई तिथवर कशा पोहोचल्या, तेही कळले पाहिजे.

१९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे अर्ज केला. गुणवत्तेत उणीव नव्हती. तरी संचालक सर सी. व्ही. रामन यांनी केवळ मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. कमलाबाई बंगळूरला जाऊन अडून बसल्या. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर: पहिले वर्ष उमेदवारीचे, सांगितल्यास रात्रीही काम करावयाचे, आणि त्यांच्यामुळे इतर संशोधकांचे लक्ष विचलित होता कामा नये. शेवटची अट पाहा. लक्ष विचलित होणार दुसऱ्यांचे, आणि जबाबदारी हिच्यावर! नोबेल मिळालेले शास्त्रज्ञही या बाबतीत गावच्या पारावरील मंडळींपेक्षा वेगळे नव्हते. वर्षभरात काम पाहून मात्र त्यांचे मत बदलले व पुढे तेथे मुलींना प्रवेश मिळू लागला. कमलाबाईंनी १९३९ साली केंब्रिजची पीएच. डी. मिळविली.

आज अशा अटी कोणी घालीत नाही. अडचण निराळ्या वाटेने येते. बऱ्याच पिकांत संकराचे काम आदल्या संध्याकाळी फुलकळ्यांचे पुंकेसर काढून सुरू होते आणि पहाटे परागसिंचनाने पुरे होते. त्यासाठी प्रक्षेत्रावर मुक्काम हवा. तेथे मुलींसाठी खोली वा स्वच्छतागृह नसेल, तर ती बिचारी कागदावरच्या कामाचा विषय निवडते आणि आपण म्हणतो, तिला शेतातले काम आवडत नाही.

मुलीला पदव्युत्तर शिक्षणासाठी पाठविताना वसतिगृहाबरोबरच प्रक्षेत्रावरील मुक्कामाची सोयही विचारून घ्यावी. नसेल तर तसा अर्ज पालकांनी लेखी द्यावा व पोच घ्यावी.