दंड भरून प्रकरण मिटेल का?

प्रश्न : मुलगा घाटकोपरला नाकाबंदीत सापडला. दारू तपासायच्या मशीनमध्ये ५८ आकडा आला. जागेवर दंड भरू दिला नाही. आता काय होईल? – एक वडील, मुलुंड

उत्तर : मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ चा, म्हणजे दारू पिऊन गाडी चालवण्याचा गुन्हा चलन भरून मिटत नाही, कोर्टातच जावं लागतं. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की गुन्हा. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, १५,००० दंड किंवा दोन्ही. लायसन्सही निलंबित होऊ शकतं. अटक झाली असेल, तर दोन तासांत डॉक्टरी तपासणी व्हायलाच हवी होती; कागदावरच्या वेळा वकिलाला दाखवा. गुन्हा कबूल करण्याआधीच दाखवा, कारण कबुली म्हणजे दोषसिद्धी.

मुलाला रागावण्यापेक्षा वांद्र्याच्या कार्टर रोडची हकिकत सांगा. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे फुटपाथवर झोपलेले सात मजूर दारू प्यायलेल्या तरुणाच्या गाडीखाली गेले. त्याची सदोष मनुष्यवधाची तीन वर्षांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये कायम केली. तुमचा मुलगा नाकाबंदीतच थांबला, हे मला फार मोलाचं वाटतं. तारखेला त्याच्यासोबत जरूर जा.