जाहिरात घेण्यापूर्वी सोबत्यांना विचारा

रमजान जवळ आला की सहर-इफ्तारच्या वेळांची कार्डे छापली जातात. कोणी वेळा तपासतो, कोणी कार्डे घरोघर पोचवितो. छपाईचा खर्च दुकानदारांच्या जाहिरातींतून निघतो. त्याबद्दल कोणाची तक्रार नसते, कारण हे पहिल्या दिवसापासून सर्वांना ठाऊक असते. परंतु हेच काम जाहिरातीविना सुरू झाले असते आणि मध्येच एकाने परस्पर सौदा केला असता, तर?

आता असे सहकार्याचे काम इंटरनेटवरही होते. उद्या जुन्या नाशकातील तरुणांनी मिळून भद्रकाली, दूध बाजार भागातील कारागिरांची यादी तेथे तयार करावयास घेतली, तर हा प्रश्न त्यांच्यापुढे येणारच. म्हणून अशाच एका मोठ्या प्रकल्पात काय घडले ते आपण पाहू.

विकिपीडिया हा ज्ञानकोश १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झाला. लेख स्वयंसेवक लिहीत. संगणकांचा खर्च जिमी वेल्स यांची बोमिस ही कंपनी करीत असे. पुढे कंपनीला पैशाची चणचण भासू लागली. फेब्रुवारी २००२ मध्ये प्रकल्पाचे पगारी संयोजक लॅरी सँगर यांनी, पुढे जाहिराती घ्याव्या लागतील अशी शक्यता बोलून दाखविली. त्यांची अडचण खरी होती. पैशाअभावी त्यांची स्वतःची नोकरीही त्याच सुमारास गेली.

जाहिरात एकही लागली नव्हती. तरी स्पॅनिश भाषेतील लेखक बिथरले. फुकट दिलेल्या मेहनतीवर कंपनीने कमाई करावी, हे त्यांना मान्य नव्हते. कारभाराबद्दल इतर तक्रारीही होत्या, पण ठिणगी जाहिरातीची पडली. एडगर एन्येदी यांच्या पुढाकाराने त्यांनी वेगळी चूल मांडली आणि सेव्हिल विद्यापीठाच्या संगणकावर स्वतंत्र कोश उघडला. मजकूर मुक्त परवान्याखाली असल्याने तो सोबत नेण्यास त्यांना कोणी अडवू शकत नव्हते. या नव्या कोशाला मागे टाकण्यास स्पॅनिश विकिपीडियाला २००४ साल उजाडले.

वेल्स यांनी धडा घेतला. जाहिराती घेणार नाही असे सांगितले, २००२ मध्येच प्रकल्पाचा व्यापारी पत्ता बदलला आणि जून २००३ मध्ये ना-नफा संस्था स्थापन केली. आज विकिपीडिया, आपला मराठी विकिपीडियाही, देणग्यांवर चालतो.

विकिट्रॅव्हल या प्रवासमाहितीच्या प्रकल्पाचे उलट झाले. २००६ मध्ये तो एका कंपनीने विकत घेतला. त्याच वर्षअखेर जर्मन लेखक बाहेर पडले, २०१२ मध्ये इंग्रजी लेखकांपैकीही बरेच जण गेले. नाव कंपनीकडे राहिले, माणसे निघून गेली.

यातून आपण घ्यावयाचे धडे असे :

१) खर्च कोण करणार व कशातून, हे काम सुरू करतानाच ठरवून लिहून ठेवा.

२) जाहिरातीचा विचार मनात येताच सर्वांसमोर मांडा. उडत उडत कानी आलेली गोष्ट घोषणेपेक्षा अधिक बिघाड करते.

३) विरोध करणाऱ्याला नेमके काय खटकते ते विचारा. जाहिरात नको, की नफा एकाच्या खिशात जाण्याची भीती, की जाहिरातदार मजकुरात हात घालील ही शंका? प्रत्येकावर उपाय निराळा : वर्गणी, उघडा हिशेब, किंवा मजकुरात जाहिरातदाराला अधिकार नाही असा लेखी नियम.

४) मधला मार्ग निघाला तर तो मुदतीपुरता करून पाहा, मुदत संपताच पुन्हा बसा.

५) कोणी जाऊ इच्छित असेल तर त्याचे काम अडवू नका. सन्मानाने गेलेला माणूस परत येऊ शकतो.

भागीदाराने पैसा घातला असेल तर त्याला न विचारता आपण सौदा करीत नाही. स्वयंसेवकाने वेळ घातलेला असतो. तेही भांडवलच आहे. ते खातेवहीत दिसत नाही, म्हणून मश्वरा टाळण्याची चूक होते. ती आपण करू नये.