पालकत्वाचा हिशेब मागा

ताई गेल्यावर माझ्या भाच्याचं कायदेशीर पालकत्व त्याच्या काकांनी घेतलं. भाचा पंचविशीतला, बौद्धिक दिव्यांग. चहा उत्तम करतो, बसचे नंबर पाठ आहेत; पण पैशांचा व्यवहार त्याला समजत नाही. वडील सरकारी नोकरीत होते, म्हणून आईच्या पश्चात कुटुंब निवृत्तिवेतन त्याला मिळू लागलं. खातं त्याच्या नावाचं, सही काकांची.

दिवाळीला तो माझ्याकडे आला तेव्हा अंगात ताईनं घेतलेलाच शर्ट होता, काखेत उसवलेला. फिटची गोळी बंद झाली होती. "काका म्हणाले, पैसे संपले." पिशवीत पासबुक होतं, ते बँकेच्या यंत्रात छापून घेतलं. पेन्शन जमा झाली की एक-दोन दिवसांत सगळी उचललेली. महिन्यामागून महिने तसंच.

काकांना विचारलं, तर म्हणाले, "माझ्यावर विश्वास नाही का?" या वाक्यापुढे आपल्याकडे भलेभले गप्प बसतात. पण हिशेब देणं हे पालकाचं कायदेशीर कर्तव्य आहे. राष्ट्रीय न्यास कायदा, 1999 हा स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी आहे. अठरा वर्षं पूर्ण झाली की आई-वडिलांचंही पालकत्व आपोआप चालू राहत नाही. जिल्ह्याची स्थानिक स्तर समिती पालक नेमते. नेमणुकीपासून 6 महिन्यांत मालमत्तेची आणि देण्याघेण्याची यादी, आणि दरवर्षी आर्थिक वर्ष संपल्यावर 3 महिन्यांत जमाखर्च, हे पालकानं समितीकडे द्यायचंच असतं. कलम 16 मध्ये तसं स्पष्ट लिहिलं आहे.

आम्ही चौकशी केली. काकांनी एकही हिशेब दिलेला नव्हता आणि तो कुणी मागितलाही नव्हता. मला याचाच जास्त राग आला. नेमणुकीच्या वेळी ढीगभर कागद मागतात, आणि नंतर मूल जेवतंय का हे बघायलाही कुणी फिरकत नाही. म्हणून समितीच्या भरवशावर राहू नका. लक्ष नातेवाइकांनीच ठेवायला हवं.

कलम 17 नुसार आई-वडील, नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था पालकाला हटवण्यासाठी अर्ज करू शकते. कारणं दोन: त्या व्यक्तीचा छळ किंवा हेळसांड, अथवा मालमत्तेचा अपहार किंवा दुर्लक्ष. अर्जात भावकीची भांडणं लिहू नका. पासबुकाच्या प्रती, औषधाची चिठ्ठी, डॉक्टरांची नोंद जोडा. आमचं काम पासबुकानंच केलं. हटवलेल्या पालकाला सगळी मालमत्ता नव्या पालकाच्या ताब्यात द्यावी लागते आणि आल्या-गेल्या पैशांचा हिशेबही द्यावा लागतो. तो मागितल्याशिवाय प्रकरण मिटवू नका.

सुनावणीत सगळे भाच्याविषयी बोलत होते, त्याच्याशी कुणीच नाही. शेवटी मी विनंती केली, त्यालाच विचारा. तो म्हणाला, "मावशीकडे. तिथे गोळी मिळते." दिव्यांग हक्क कायदा, 2016 ची दृष्टीही हीच आहे: पालकत्व मर्यादित असावं, ठरावीक निर्णयापुरतं, ठरावीक मुदतीचं, आणि त्या व्यक्तीच्या इच्छेला धरून. त्याला काय कळतं, असं म्हणणाऱ्यांना ही तरतूद दाखवा.

आई-वडील हयात असतील त्यांनी आत्ताच बसून ठरवावं, आपल्यामागे पालक कोण, आणि त्या पालकाचा हिशेब बघणारा दुसरा माणूस कोण. दोघं एकाच घरातले नसावेत. बँक, पेन्शन, औषधं यांची माहिती दोघांकडेही द्या.

आता पालकत्व माझ्याकडे आहे. जमाखर्च समितीला देते, आणि एक प्रत भाच्याच्या आत्याला. तिनं न मागता. तुमच्या नात्यात असा मुलगा किंवा मुलगी असेल, तर 30 जूनच्या आत त्यांच्या पालकांना फोन करा आणि हिशेबाची पोचपावती पाहायला मागा. वाईटपणा आला तरी मागा.