आधी हाक कोणाची?

आमच्या मंडळीतला प्रौढांचा शास्त्राभ्यास वर्ग मी बरीच वर्षं घेते. रोमकरांस पत्राचा नववा अध्याय आला की वर्गाचा सूरच बदलतो. याकोब आणि एसाव जन्मलेही नव्हते, त्यांच्या हातून काही बरंवाईट घडलं नव्हतं, तरी देवाने दोघांतल्या एकाला निवडलं, असं पौल लिहितो. मग माणसाच्या विश्वासाला अर्थ काय उरला? तारण देव ठरवतो, की आपण स्वीकारतो? ऑगस्टीनपासून आजपर्यंत, म्हणजे सोळाशे वर्षं, मंडळी यावर वाद घालते आहे. माझ्या घरातही दोन्ही प्रवाह आहेत. वडिलांकडचे लोक अमेरिकन मराठी मिशनचे, निवड मानणारे; आई मेथॉडिस्ट, माणसाचं इच्छास्वातंत्र्य मानणारी. या वर्गाने आणि वर्गाबाहेर भेटलेल्या माणसांनी मला जे शिकवलं, ते इथे मांडते.

१. प्रश्न कोण विचारतंय, ते आधी पाहावं.

इंटरनेटवरची इंग्रजी प्रवचनं ऐकून कॅल्विनमताचे, म्हणजे देवाच्या निवडीवर भर देणाऱ्या मताचे, पाच मुद्दे तोंडपाठ केलेला कॉलेजातला मुलगा वर्गात येतो. त्याच्याशी जरूर वाद घालावा, त्याला पुस्तकं द्यावीत. ही भूक चांगली आहे. पण एकदा उपासनेनंतर एका आईने मला बाजूला घेतलं. म्हणाली, "ताई, माझा मुलगा चर्चला येईनासा झालाय. तो निवडलेल्यांत नसेल का हो?" त्या कॉलेजातल्या मुलाचा आणि या आईचा प्रश्न सारख्याच शब्दांतला, तरी एक नव्हे. मी तिला विचारलं, "त्याच्यासाठी प्रार्थना करता का?" ती म्हणाली, "दुसरं करते काय मी?" मग मी म्हटलं, "ही तळमळ तुमच्या मनात कोणी घातली?" ती बराच वेळ रडली. मुलाचं तारण आपल्या संगोपनाच्या चुकांवर किंवा त्याच्या आजच्या रागावर टांगलेलं नाही, त्याच्यामागे कोणीतरी आहे, एवढंच तिला ऐकायचं होतं. निवडीची शिकवण शास्त्रात आहे ती अशा माणसांसाठी, असं मला तेव्हापासून वाटतं.

उलट बाजूची माणसंही भेटतात. अंथरुणाला खिळलेले एक आजोबा, आयुष्यभर विश्वासू, आणि शेवटी एकच धास्ती: "मी निवडलेला आहे हे मला कसं कळणार?" त्यांना मी कॅल्विनचंच उत्तर सांगितलं. निवड स्वतःच्या अंतःकरणात शोधू नये, ख्रिस्ताकडे पाहावं. तोच आपल्या निवडीचा आरसा, असं त्याने लिहून ठेवलं आहे. ज्याच्या नावाने ही धास्ती पसरते, त्यानेच तिच्यावर उताराही दिला होता, हे फार थोड्यांना माहीत असतं.

२. कृपा आधी, यावर भांडण नाहीच.

एक बाजू म्हणते सगळं देव करतो आणि दुसरी म्हणते माणूस स्वतःच्या बळावर तरतो, अशी बहुतेकांची समजूत असते. यातलं दुसरं म्हणणं पेलागियसच्या नावावर मोडतं आणि ते ४१८ मध्ये कार्थेजच्या परिषदेतच नाकारलं गेलं. पुढे ५२९ मध्ये ऑरेंजच्या परिषदेने विश्वासाची सुरुवातसुद्धा कृपेनेच होते असं ठरवलं. देवाने कोणाला दुष्टपणासाठी नेमून ठेवलं आहे, हे म्हणणंही तिने त्याच वेळी धिक्कारलं.

याकोबस आर्मिनियस (१५६०–१६०९) लायडनचा प्राध्यापक. त्याने शिक्षण घेतलं ते जिनिव्हात, कॅल्विनचा वारस बेझा याच्याकडे. कृपेवाचून माणूस देवाकडे वळूच शकत नाही, हे त्याला पूर्ण मान्य होतं. पुढे मेथॉडिस्ट चळवळीचा प्रवर्तक जॉन वेस्ली यालाही. वाद आहे तो त्याच्या पुढच्या पायरीवर. कृपा दारात आली, तर माणूस तिला नाही म्हणू शकतो का? आर्मिनियस म्हणतो, हो. कॅल्विनमताचे लोक म्हणतात, देव निवडलेल्याचं मनच नवं करतो, म्हणून तो आपखुशीने येतो, आल्याशिवाय राहत नाही. शिवाय निवडीचा आधार कोणता? कोण विश्वास ठेवील हे देवाला आधीच ठाऊक असतं, त्यावरून तो निवडतो, असं आर्मिनियसचं उत्तर. देवाच्या स्वतःच्या मर्जीखेरीज कोणताही आधार नाही, असं कॅल्विनचं. वर्गात हे एवढं सावकाश उलगडलं की निम्मा धुरळा खाली बसतो.

३. निवड म्हणजे सटवाईने लिहिलेलं कपाळ नव्हे.

आपल्याकडे हा घोटाळा हटकून होतो. बाळाच्या पाचवी-सहावीला सटवाई येऊन नशीब लिहिते, ही कल्पना ख्रिस्ती घरांतूनही पुरती गेलेली नाही. देवाने जगाच्या स्थापनेपूर्वी निवडलं असं इफिसकरांस पत्रात वाचलं की ऐकणाऱ्याच्या मनात तोच लेख उभा राहतो. पण पौल तिथे नुसतं "निवडलं" म्हणून थांबत नाही. निवड ख्रिस्तामध्ये झाली, आणि ती लेकरं म्हणून दत्तक घेण्यासाठी झाली, हे तो पुनःपुन्हा सांगतो. नशिबाला चेहरा नसतो आणि त्याला कोणी हाक मारू शकत नाही. बापाला हाक मारता येते.

४. या वादात सत्ता शिरली की शास्त्र मागे पडतं.

आर्मिनियसच्या मृत्यूनंतर १६१० मध्ये त्याच्या अनुयायांनी पाच कलमांचं निवेदन केलं. त्याला उत्तर देण्यासाठी १६१८–१९ मध्ये डॉर्ट शहरात मोठी सभा भरली. हॉलंडबाहेरचेही प्रतिनिधी आले. पण तोवर प्रश्न निव्वळ धर्मज्ञानाचा राहिला नव्हता. राजपुत्र मॉरिस आणि आर्मिनियसच्या अनुयायांची बाजू घेणारा वयोवृद्ध मुत्सद्दी ओल्डेनबार्नेवेल्ट यांच्यातला सत्तासंघर्ष त्यात मिसळला होता. सभा संपत असताना, मे १६१९ मध्ये, ओल्डेनबार्नेवेल्टचा हेगमध्ये शिरच्छेद झाला. आर्मिनियसच्या मताचे सुमारे दोनशे पाळक पदावरून काढले गेले. ह्यूगो ग्रोशियससारख्या विद्वानाला जन्मठेप झाली. पत्नीने आखलेल्या बेतानुसार तो पुस्तकांच्या पेटीत बसून किल्ल्यातून निसटला, म्हणून वाचला.

याच सभेच्या ठरावांत एक कलम आहे, ते मला अतिशय प्रिय आहे. बालपणीच निवर्तलेल्या आपल्या लेकरांच्या तारणाबद्दल विश्वासणाऱ्या आईबापांनी शंका बाळगू नये, असं ते सांगतं. इतकं हळुवार कलम लिहिणारी सभा आणि तो शिरच्छेद एकाच वसंतातले, याचं मला फार दुःख वाटतं.

कॅथलिकांमध्येही असाच वाद पेटला होता. येशूसंघीय लुईस दे मोलिनाच्या १५८८ च्या पुस्तकावरून डोमिनिकन आणि येशूसंघीय हमरीतुमरीवर आले. १६०७ मध्ये पोप पाचवे पॉल यांनी निकालच दिला नाही. दोघांनी आपापलं मत बाळगावं, पण दुसऱ्याला पाखंडी म्हणू नये, एवढंच बजावलं. प्रोटेस्टंट असूनही मला तो निर्णय डॉर्टपेक्षा शहाणपणाचा वाटतो.

५. निवड मानणारे हातपाय गाळून बसतात, हा आरोप अर्धाच खरा आहे.

असे लोक होते. अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये काही बॅप्टिस्ट उपदेशक म्हणत, ज्यांची मनं देवाने अजून नवी केली नाहीत त्यांना विश्वास ठेवा म्हणून विनवणंच चूक. त्यांना उत्तर दिलं ते निवड मानणाऱ्याच अँड्र्यू फुलरने, १७८५ च्या पुस्तकात. विश्वास ठेवणं हे प्रत्येकाचं कर्तव्य, म्हणून सुवार्ता प्रत्येकाला सांगायची. त्याचा मित्र विल्यम केरी १७९३ मध्ये बंगालला आला. तोही निवड मानणारा. १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं ते याच केरीने. १८१३ मध्ये मुंबईत उतरलेले अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हेही कॅल्विनच्याच परंपरेतले. आपल्या मराठी मंडळीचा पाया ज्यांनी घातला, त्यांतल्या अनेकांचा देवाच्या निवडीवर गाढ विश्वास होता. मुंबईच्या गल्ल्यांतून माणसं शोधत ते फिरले, ते या विश्वासाच्या बळावर.

६. नववा अध्याय एकटा वाचू नये.

आधी पौलाचं आपल्या लोकांसाठी तुटणारं काळीज वाचावं, मग दहाव्यात जो कोणी हाक मारील त्याचं तारण होईल हे वचन, मग अकराव्याच्या शेवटची स्तुती. मधलेच श्लोक उचलून भांडणारे दोन्ही बाजूंना आहेत.

७. प्रार्थनेत दोन्ही बाजू एकच भाषा बोलतात.

कॅल्विनने आपल्या ग्रंथाच्या १५५९ च्या आवृत्तीत निवडीचे अध्याय प्रार्थनेच्या दीर्घ अध्यायानंतर लगेच घातले. तो क्रम मला महत्त्वाचा वाटतो. इच्छास्वातंत्र्य मानणारी माझी आई "प्रभू, त्याचं मन वळव" अशीच प्रार्थना करी. "प्रभू, त्याच्या स्वातंत्र्यात ढवळाढवळ करू नकोस" असं तिने कधी म्हटलं नाही. आणि निवड मानणारे आमचे पाळकसाहेब उपदेशाच्या शेवटी "आजच या" म्हणून कळवळून विनवत. १७८४ मध्ये निवड मानणारा तरुण पाळक चार्ल्स सिमियन वृद्ध वेस्लीला भेटला, तेव्हा त्याने हेच दाखवून दिलं. आपण पतित आहोत का, ख्रिस्तावाचून तरू का, शेवटपर्यंत कोण सांभाळील, असं एकेक विचारत गेला, आणि प्रत्येक उत्तर दोघांचं एकच निघालं.  आपल्याकडेही दोन्ही बाजू एकत्र आल्या. नागपूरला १९७० मध्ये उत्तर भारत मंडळी स्थापन झाली, तेव्हा प्रेसबिटेरियन, काँग्रिगेशनल, बॅप्टिस्ट आणि ब्रिटिश परंपरेतले मेथॉडिस्ट एका मंडळीत आले. डॉर्टला जे साधलं नाही, ते नागपूरला बऱ्याच अंशी साधलं.

८. आपण कुठे उभे आहोत, ते सांगावं.

विचारणाऱ्याला "दोन्ही बरोबर" म्हणून वाटेला लावणं मला आवडत नाही. मी निवडीच्या बाजूला आहे, आणि त्याचं एक कारण नारायण वामन टिळक. राजनांदगावच्या वाटेवर आगगाडीत भेटलेल्या अनोळखी युरोपियनाने त्यांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं सांगितलं. १८९५ मध्ये टिळकांचा बाप्तिस्मा झाला. मधल्या काळातला झगडा सर्वस्वी त्यांचा होता, कोणी तो त्यांच्यासाठी झगडलं नाही. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा झगडा तर याहून वेगळा आणि त्यांचा स्वतःचा. त्यांनी नवऱ्यामागून डोळे मिटून पाऊल टाकलं नाही, वर्षं घेतली. तरी दोघांची हकीकत वाचताना, कोणीतरी आधीपासून यांच्यामागे होतं, हे मला नाकारता येत नाही.

पण देवाने काहींना नाशासाठीच नेमलं, या मताबरोबर मी जात नाही. कॅल्विनला स्वतःलाही हा ठराव भयंकर वाटत होता, तरी त्याने तो मांडला. मला तिथे ऑरेंजची परिषद जवळची वाटते, आणि सर्व माणसांचं तारण व्हावं अशी देवाची इच्छा आहे, हे तीमथ्याला लिहिलेलं पत्रही. यावर वर्गातली मुलं लगेच यहूदा इस्कर्योताचं नाव घेतात. त्याचं काय? मी त्यांना योहानाचा तेरावा अध्याय उघडायला सांगते. त्या रात्री येशूने पाय धुतले, त्यांत यहूदाचेही होते. पुढचा वाद तिथून सुरू होऊ दे, असं मी म्हणते, आणि तो चांगला रंगतो.